निगेटिव्ह व स्लाइडी यांच्या नकलेचें यंत्र : जवळा बाजार व औंढा परिसरांतील इतिहास-साधनांच्या दृष्टीनें विचार

(१) विषयाचें स्वरूप

अस्सल पत्र, त्याची समकालीन नक्कल आणि मागाहून झालेली नक्कल असे दर्जे लावूनच इतिहाससंशोधक कोणत्याहि कागदाचें प्रामाण्य ठरवितो. अस्सल हातीं असेपर्यंत नकलेचें महत्त्व बेताचें असतें. अस्सल नष्ट झालें म्हणजे मात्र नक्कल त्याच्या जागीं बसते, व ती जशी केली असेल तशीच पुढील पिढ्यांस मिळते. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा न्याय कागदांपुरता सर्वमान्य झाला आहे. छायाचित्रांस तो लावण्याचा प्रघात अजून पडलेला नाहीं. वस्तुतः छायाचित्राची निगेटिव्ह हेंच अस्सल होय. तिजवरून काढलेला कागदी ठसा ही पहिली नक्कल, आणि पुस्तकांत छापलेलें चित्र ही नकलेची नक्कल. निगेटिव्ह वा स्लाइड स्कॅनर नांवाच्या यंत्रांत घालून तिची अंकीय प्रत करण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, तीहि एक नक्कलच आहे. म्हणून यंत्राची निवड हा केवळ खरेदीचा प्रश्न नसून साधनचिकित्सेचा प्रश्न आहे, ही भूमिका धरून पुढील विवेचन केलें आहे.

विवेचनास स्थळ म्हणून जवळा बाजार व त्याचा परिसर घेतला आहे. हें गांव हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत आहे. औंढ्याचें नागनाथाचें देवालय यादवकालीन शिल्पाकरितां प्रसिद्ध असून, नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नर्सी याच जिल्ह्यांत येतें. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली हा जिल्हा वेगळा झाला. राजवट बदलली कीं दप्तर हलतें. त्यामुळें या भागाच्या इतिहासाचे धागे हैदराबाद, मुंबई, परभणी आणि घरोघरच्या पेट्या अशा चार ठिकाणीं शोधावे लागतात. छायाचित्रांची स्थितीहि याहून निराळी नाहीं.

(२) दख्खनांतील छायाचित्रणाचा पूर्ववृत्तान्त

मुंबईंत छायाचित्रकारांची सभा १८५४ सालीं स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंत आरंभींच्या एतद्देशीयांपैकीं होत. पुराणवस्तूंच्या नकलेचा प्रश्न दख्खनांत तत्पूर्वींच उभा राहिला होता. मेजर रॉबर्ट गिल यांस अजिंठ्याचीं भित्तिचित्रें उतरवून घेण्याकरितां १८४४ सालीं नेमिलें. त्यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या तैलरंगांतील नकला लंडनजवळील स्फटिकगृहाला १८६६ सालीं लागलेल्या आगींत बहुतेक जळून गेल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून १८८५ पर्यंत पुनः नकला करविल्या, व त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत नाहींशा झाल्या. दोनदां केलेला उद्योग दोनदां अग्नीच्या मुखीं पडला. नकलेची एकच प्रत एकाच ठिकाणीं ठेवण्याचा परिणाम काय होतो, याला याहून ठळक दाखला नको. गिल यांनीं मागाहून कॅमेराहि हातीं घेतला, व त्यांच्या छायाचित्रांसह फर्ग्युसन यांचें लेण्यांवरील पुस्तक १८६४ सालीं निघालें.

निजामी राज्यांत या कामाचें मोठें नांव म्हणजे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचें. त्यांच्या कांचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें मिळविल्या. हैदराबाद संस्थानचें पुराणवस्तुखातें १९१४ सालीं निघालें. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं अजिंठ्याच्या चित्रांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळांत प्रसिद्ध केले. हेन्री कझेन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथ १९३१ सालचा; औंढ्याचें देवालय त्यांत आलें आहे.

सरकारी कामाखेरीज दुसरा प्रवाह गांवोगांवच्या बाजारपेठांचा. ३५ मिलिमीटर फिल्मचा लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला, रंगीत कोडाक्रोम फिल्म १९३५ सालीं. स्वातंत्र्यानंतर उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदु’ फिल्म व पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ फिल्म देशभर खपूं लागली. लग्नें, उरूस, शाळांचे समारंभ, वाड्यांच्या वांटण्यांच्या वेळचीं चित्रें, पोथ्यांच्या पानांचीं चित्रें असें नानाविध साहित्य या फिल्मवर उतरलें. पोथीसंग्रहांच्या सूक्ष्मफिती घेण्याचें काम उपर्युक्त कला केंद्रानें देशांतील अनेक संस्थांत केलें. त्या फितीहि ३५ मिलिमीटर फिल्मच असल्यामुळें प्रस्तुत विचारांत येतात.

या सर्वांस आज मोल कां, तें थोडक्यांत सांगतों. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें झालीं तेव्हां त्यांच्या जलाशयांत नदीकांठची भूमि गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें गांवेंच्या गांवें कोसळलीं. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावरील हल्ल्यांत पोथ्यांची व ग्रंथांची नासधूस झाली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर, पूर्वीं कोणीं एखादें चित्र घेतलें असेल तर तें चित्रच अस्सलाच्या जागीं येतें.

(३) अस्सलाची परीक्षा

यंत्र पाहण्यापूर्वीं आपल्या पेटींत काय आहे तें पाहावें. कांचेच्या निगेटिव्ह ठराविक मापांच्या असतात : पूर्ण प्लेट ६½ × ८½ इंच व पाव प्लेट ३¼ × ४¼ इंच, हीं त्यांतील नेहमींचीं मापें. कांच वांकत नाहीं, परंतु फुटते, व तिच्यावरील थर दमट हवेंत सुटतो. जुन्या फिल्मचा पाया नायट्रेटचा असतो. तो अतिशय ज्वालाग्राही असून कोडॅक कंपनीनें त्याचें उत्पादन १९५१ च्या सुमारास थांबविलें. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास फिल्म संस्थेच्या आवारांत लागलेल्या आगींत चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. नायट्रेटची शंका आल्यास ती फिल्म घरीं तापत्या यंत्रांत घालूं नये. वेगळी काढून जाणत्या संस्थेकडे न्यावी.

त्यानंतरची फिल्म ॲसिटेटची. ती पेटत नाहीं, पण सडते. सडूं लागली म्हणजे पेटी उघडतांच शिरक्याचा वास येतो, फिल्म आंखडते व वांकते. २१ अंश उष्णता व ५० टक्के आर्द्रता असतां नव्या ॲसिटेट फिल्मला हा रोग जडण्यास सुमारें ४० वर्षें लागतात असा अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील तज्ज्ञ संस्थेचा हिशेब आहे. मराठवाड्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हां पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या पेटीस तितकी मुदत मिळणार नाहीं, हें उघड आहे. १९६० ते १९८० च्या दरम्यानच्या फिल्मची मुदत आज भरत आली आहे, व म्हणूनच यंत्राचा विचार लांबणीवर टाकणें इष्ट नाहीं.

(४) यंत्राच्या चार कसोट्या

पहिली कसोटी सूक्ष्मतेची. विक्रेते दर इंचास ७२०० किंवा ६४०० बिंदू असे आंकडे छापतात. ते आंकडे यंत्राच्या पावलांचे असतात. त्याच्या भिंगास तितकें दिसतें असा त्याचा अर्थ नव्हे. खरी शक्ति अमेरिकी वायुसेनेच्या १९५१ सालच्या रेघांच्या पट्टीवरून मोजतात. स्वतंत्र चाचण्यांत प्लसटेकचें ७२०० बिंदूंचें यंत्र सुमारें ३२०० पर्यंत, एप्सनचें व्ही ८५० हें ६४०० बिंदूंचें सपाट यंत्र सुमारें २३०० पर्यंत, आणि निकॉनचीं ४००० बिंदूंचीं कूलस्कॅन यंत्रें जवळ जवळ ३९०० पर्यंत पोंचतात असें आढळलें आहे.

हा फरक पोथीसंग्राहकास कोठें जाणवेल तें गणितानें पाहूं. सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा मोडी बंद ३५ मिलिमीटर फिल्मच्या ३६ मिलिमीटर चौकटींत बसविला म्हणजे तो साडेबारा पट लहान होतो. बोरूची ०.३ मिलिमीटर रुंदीची रेघ फिल्मवर ०.०२४ मिलिमीटर उरते, ०.२ मिलिमीटरचें टिंब ०.०१६ उरतें. यंत्र खरोखर ४००० बिंदू वाचीत असेल तर एक बिंदु ०.००६३५ मिलिमीटरचा, म्हणजे रेघेच्या रुंदींत जवळ जवळ चार व टिंबांत अडीच बिंदु पडतात. यंत्र २३०० च वाचीत असेल तर रेघेस दोनांहून किंचित् अधिक व टिंबास दीडाहूनहि कमी बिंदु मिळतात. टिंब पुसट होऊन कागदाच्या डागांत मिसळतें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द जोडून लिहिलेले असतात. अशा लिपींत अनुस्वार गेला तर वाचन अडतें. हिशेबाच्या कागदांत तर आण्या-पावल्यांच्या रेघांपैकीं एक रेघ गेली तरी रक्कम बदलते. म्हणून कागदांच्या फितींकरितां खऱ्या ४००० बिंदूंहून कमी शक्तीचें यंत्र घेऊं नये.

याच गणिताची दुसरी बाजू अशी कीं, पूर्ण प्लेटच्या कांचेस २३०० बिंदुहि पुष्कळ होतात. साडेआठ इंचांत साडेएकोणीस हजार बिंदु पडतात, व कांचेवर जें आहे तें बहुतेक त्यांत येतें. जें यंत्र लहान फिल्मला अपुरें, तेंच मोठ्या कांचेला पुरेसें ठरतें.

दुसरी कसोटी घनतेची. फिल्मवरील काळेपणा दशांशघातांत मोजतात : घनता २ म्हणजे शंभरांत एक भाग प्रकाश पार जातो, घनता ३ म्हणजे हजारांत एक. नीट काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्हची घनता सहसा २ च्या आसपास थांबते. परंतु स्लाइडींतील छाया ३ च्याहि पुढें जातात. गाभाऱ्यांत घेतलेल्या स्लाइडींत मूर्तीच्या पाठीमागचा अंधार हाच माहितीचा भाग असतो, कारण प्रभावळीवरील लहान आकृति तेथेंच असतात. स्लाइडींचा संग्रह असेल त्यानें अंधारांत भेद दाखविणारें यंत्र पसंत करावें, व प्रत प्रत्येक रंगास १६ बिटांची करावी.

तिसरी कसोटी प्रकाशाची. थेट, समांतर प्रकाशांत चांदीच्या कणांची निगेटिव्ह अधिक कठोर दिसते, व तिच्यावरील ओरखडे व धूळ ठळक होतात; पसरलेल्या मऊ प्रकाशांत तेच दोष सौम्य होतात. पुष्कळ यंत्रांत अवरक्त किरणांनीं धूळ ओळखून ती आपोआप पुसण्याची सोय असते. रंगीत फिल्मला ही सोय उपयोगी आहे. कृष्णधवल फिल्मला मात्र ती लावूं नये; चांदी अवरक्त किरणांस अडविते, त्यामुळें यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसतें. कोडाक्रोमवरहि तिचा भरंवसा धरतां येत नाहीं.

चौथी कसोटी फिल्म धरण्याच्या रीतीची. वांकलेली फिल्म सपाट न धरल्यास कडा अस्पष्ट होतात. कांचेत दाबल्यास इंद्रधनुष्यासारखीं वलयें उमटतात. त्याकरितां खरखरीत पृष्ठाची विशेष कांच लागते. हॅसलब्लाडच्या फ्लेक्सटाइट यंत्रांत फिल्म कमानीसारखी वांकवून धरतात. त्याची सूक्ष्मता उत्तम. परंतु कांचेची प्लेट त्यांत जात नाहीं, व ठिसूळ झालेली ॲसिटेट फिल्म त्यांत घालणें धोक्याचें. नळकांड्यावर फिल्म द्रवानें चिकटविणाऱ्या ड्रम यंत्रासंबंधींहि हेंच म्हणावें लागतें.

(५) यंत्रांची निवड

आतां उपलब्ध मार्गांचा विचार करूं. निकॉनचें कूलस्कॅन ९००० हें ३५ मिलिमीटर व १२० फिल्मकरितां अद्यापि नांवाजलेलें आहे. परंतु त्याचें उत्पादन २०१० च्या सुमारास बंद झालें. आज तें जुनेंच मिळतें, त्याची जोडणी हल्लींच्या संगणकांत नसलेल्या प्रकारची आहे, व सुटे भाग दुर्मिळ आहेत. फ्लेक्सटाइट यंत्रांचें उत्पादनहि थांबलें आहे. जवळा बाजारासारख्या ठिकाणीं यंत्र बिघडल्यास तें दुरुस्तीसाठीं शहरास धाडावें लागणार. म्हणून यंत्र कितीहि उत्तम असलें तरी त्याच्या मागें दुरुस्ती करणारा माणूस आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

दुसरा मार्ग सपाट यंत्राचा. कांचेच्या प्लेटांना व मोठ्या निगेटिव्हना तो योग्य. एप्सन व्ही ८५० वर ८ × १० इंचांपर्यंतची पारदर्शक वस्तु ठेवतां येते. मात्र ३५ मिलिमीटर फितींवरील अक्षरांस तो अपुरा, हें वर दाखविलेंच आहे.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. समप्रमाण भिंग लावलेला कॅमेरा उभ्या खांबावर बसवून, खालीं शुद्ध पांढऱ्या मऊ प्रकाशाची पाटी ठेवून, फिल्मचें चित्र घ्यावयाचें. ३६ × २४ मिलिमीटर संवेदकाच्या, ६००० × ४००० बिंदूंच्या कॅमेऱ्यानें समप्रमाणांत घेतलेल्या चित्रास दर इंचास सुमारें ४२०० बिंदु मिळतात. भिंग चांगलें असेल, खांब व भिंग काटकोनांत असतील आणि धक्का बसत नसेल तर हें काम निकॉनच्या तोडीचें होतें. कांचेची प्लेट मोठी असल्यास ती भागाभागानें घेऊन जोडावी. या मार्गाचा मोठा गुण असा कीं, त्यांतील प्रत्येक अंग निराळें असतें. कॅमेरा बिघडला तर कॅमेराच बदलावा लागतो. दोष असा कीं, अवरक्त किरणांनीं धूळ पुसण्याची सोय त्यांत नसते, व रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पडदा काढण्यास कौशल्य लागतें.

एवंच, संग्रहांत कृष्णधवल निगेटिव्ह व कागदांच्या फिती अधिक असतील तर कॅमेऱ्याचा मार्ग घ्यावा. रंगीत स्लाइडी शेंकड्यांनीं असतील तर अवरक्त किरणांची सोय असलेलें, खरी सूक्ष्मता तपासलेलें स्वतंत्र फिल्मयंत्र घ्यावें. कांचा असतील तर सपाट यंत्र. तिन्ही प्रकार थोडे थोडे असतील तर परिसरांतील संग्राहकांनीं मिळून एक कॅमेऱ्याची मांडणी करावी व ती घरोघर न्यावी. कांचा व ठिसूळ फिती एस. टी. च्या प्रवासांत हलविण्यापेक्षां तें बरें.

(६) उलट-सुलट व नोंद

निगेटिव्हला दोन बाजू असतात, आणि ती उलटी ठेवली तर चित्र आरशांतल्याप्रमाणें येतें. अक्षरें असतील तर चूक तत्काळ कळते. मूर्ति असेल तर कळत नाहीं. विष्णूच्या चोवीस मूर्तींचा भेद शंख, चक्र, गदा व पद्म यांच्या हातांतील क्रमावरून ठरतो. रूपमंडनांतील क्रमाप्रमाणें केशवाच्या उजव्या खालच्या हातीं पद्म, उजव्या वरच्या हातीं शंख, डाव्या वरच्या हातीं चक्र व डाव्या खालच्या हातीं गदा असते. हेंच चित्र उलटें झालें म्हणजे उजवीकडे खालीं गदा व वर चक्र, डावीकडे वर शंख व खालीं पद्म येतें. आणि हा क्रम माधवाचा आहे. एक फिल्म उलटी ठेवल्यानें केशवाचा माधव होतो, व त्यावरून एखाद्या देवालयाची मूळ देवता चुकीची ठरते. डाव्या सोंडेचा गणपति उजव्या सोंडेचा होणें हा प्रकारहि असाच. यास्तव फिल्मची मंद, मसाल्याची बाजू कोणती हें प्रत्येक वेळीं पाहून नोंदवावें.

प्रत टिफ रूपांत, कोणतीहि झळाळी न देतां, कडेच्या काळ्या पट्टीसह ठेवावी. कारण फिल्मच्या कांठावरील कारखान्याचीं अक्षरें व चौकटीचा आंकडा हे कालनिर्णयाचे पुरावे असतात. ३५ मिलिमीटरच्या एका रंगीत चौकटीची ४००० बिंदूंची व १६ बिटांची प्रत सुमारें १२९ मेगाबाइटची होते. हजार स्लाइडींस १२९ गिगाबाइट जागा पुरते. त्याच्या तीन प्रती कराव्या, दोन निराळ्या प्रकारच्या साठवणींत ठेवाव्या, व त्यांतील एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. गिल व ग्रिफिथ्स यांच्या नकलांचें काय झालें तें वर आलेंच आहे. प्रत्येक प्रतीबरोबर निगेटिव्ह कोणाकडील, कोणत्या वेष्टणांत होती, वेष्टणावर काय लिहिलें होतें, कोणत्या यंत्रानें व किती बिंदूंनीं नक्कल केली, हा मजकूर असावा. वेष्टणावरील पेन्सिलीची ओळ पुष्कळदां चित्राइतकीच मोलाची ठरते.

(७) उपसंहार

अंकीय प्रत झाली म्हणून निगेटिव्ह टाकून देणें हें नक्कल झाली म्हणून अस्सल पत्र जाळण्यासारखें आहे. उद्यां अधिक चांगलें यंत्र निघेल, तेव्हां पुनः अस्सलाकडेच यावें लागेल. औंढा, जवळा बाजार, वसमत, हिंगोली या परिसरांतील संग्राहकांस विनंति अशी कीं, यंत्राच्या खरेदीपूर्वीं आपल्या पेट्या सावलींत उघडून माप, पाया, वास व वेष्टणावरील मजकूर या चार रकान्यांची यादी करावी. शिरक्याचा वास येणाऱ्या फिती आधीं घ्याव्या, कांचा त्यामागून, व धडधाकट स्लाइडी शेवटीं. अशी यादी हातीं असली म्हणजे कोणतें यंत्र हवें हें बहुतांशीं तीच सांगते. आणि यंत्र येण्यास विलंब झाला तरी, आपल्या भागांत काय शिल्लक आहे एवढी माहिती तरी संशोधकांस उपलब्ध होते.